जागा मंजूर आहे का? सॉफ्टवेअर सेल्सच्या सहा राउंडनंतर ‘ऑन होल्ड’ ऐकलेल्या उमेदवाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहून चाकण-भोसरी पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांना एचआर आणि पेरोलचं सॉफ्टवेअर विकण्याचा सहा वर्षांचा अनुभव. एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या मुंबई ऑफिसमध्ये एन्टरप्राइज सेल्सच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांना विकण्याच्या, जागेसाठी अर्ज केला. एचआरचा फोन, हायरिंग मॅनेजर, मॉक डिस्कव्हरी कॉल (ग्राहकाची गरज काढून घेणाऱ्या कॉलची रंगीत तालीम), मग टेरिटरी प्लॅन (आपल्या वाट्याच्या भागात कुणाला कसं विकायचं त्याचा आराखडा) आणि ५० कंपन्यांची यादी, तीही निर्णय घेणाऱ्या माणसांच्या नावा-नंबरांसकट. त्यावर पॅनेलसमोर प्रेझेंटेशन आणि शेवटी सिंगापूरच्या रीजनल हेडशी बोलणं. यात अडीच महिने गेले. नंतर तीन आठवडे काहीच नाही, मग एका ओळीचा मेल: पोझिशन ऑन होल्ड आहे. आणि पंधरा दिवसांत लिंक्डइनवर तीच जाहिरात पुन्हा. ‘माझं कुठे चुकलं? रीजनल हेडला थेट मेसेज करू का? आता दुसऱ्या एका कंपनीनेही असंच असाइनमेंट मागितलंय, ते करू की नको?’

मी बरीच वर्षं एन्टरप्राइज सॉफ्टवेअर विकते आहे आणि त्यातला मोठा काळ माणसं निवडण्याच्या बाजूनेही बसते आहे. त्यामुळे त्या दाराआड काय चालतं ते आधी सांगते, मग तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते.

‘माझं कुठे चुकलं’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुम्ही रीजनल हेडपर्यंत पोचलात. सेल्समध्ये ज्याला नाकारायचं ठरलेलं असतं त्याला दुसऱ्या-तिसऱ्या राउंडलाच थांबवतात, कारण पॅनेलवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःचं क्वार्टरचं टार्गेट असतं आणि नको असलेल्या माणसासाठी तासभर कुणी काढत नाही. शेवटपर्यंत नेलेला माणूस अचानक होल्डवर जातो, तेव्हा बहुतेक वेळा उमेदवारात काही खोट नसते. जागेचंच घोंगडं भिजत पडलेलं असतं.

जागा म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण बाहेरून सगळ्या जाहिराती सारख्याच दिसतात. एक जागा खरोखर मंजूर झालेली असते: वर्षाच्या बजेटमध्ये हेडकाउंट, म्हणजे त्या माणसाची तरतूद, आहे, फायनान्सची सही आहे, कोटा (वर्षाचं विक्रीचं टार्गेट) आणि टेरिटरी ठरलेली आहे. दुसरी कुणीतरी सोडून गेल्यामुळे रिकामी झालेली. ती दिसते पक्की, पण तशी असेलच असं नाही. मुंबईतला माणूस गेला की तेच हेडकाउंट जकार्ता किंवा सिडनीला हलवावं का, अशी चर्चा वर सुरू होते आणि मुंबईच्या मॅनेजरला त्याचा पत्ता शेवटी लागतो. तिसरी जागा मॅनेजरला ‘मिळेल’ असं वाटत असलेली. ती कागदावर कुठेच नसते, तरी तिच्यासाठी मुलाखती सुरू होतात.

हे फसवणुकीच्या हेतूने होतं असं मी म्हणणार नाही. यामागे आपल्याकडचा नोटीस पिरियड आहे. भारतात आयटी आणि सॉफ्टवेअरमध्ये ६० ते ९० दिवसांची नोटीस सर्रास असते. मॅनेजरने मंजुरीची वाट पाहिली, मग मुलाखती घेतल्या, मग निवडलेल्या माणसाची ९० दिवसांची नोटीस संपली, की निम्मं वर्ष गेलेलं असतं. त्यानंतर नवा माणूस प्रॉडक्ट शिकून पहिला डील आणेपर्यंत आणखी तीन ते सहा महिने. टार्गेट मात्र पहिल्या दिवसापासून मॅनेजरच्या नावावर चालू असतं. म्हणून तो मंजुरीच्या आधीच माणसं बघायला लागतो. त्याच्या बाजूने हे व्यवहार्य आहे. तुमच्या बाजूने हे अडीच महिन्यांचं नुकसान आहे, आणि ते तुम्हाला कुणी आधी सांगत नाही ही त्यातली खरी वाईट गोष्ट. उमेदवाराला एवढंच सांगायला हवं की ‘मंजुरी अजून यायची आहे, तरी बोलायचं का?’ अनेक जण हो म्हणतील. पण तो निर्णय त्यांचा असेल.

जाहिरात पुन्हा दिसली याचा फार अर्थ लावू नका. कंपन्यांचं भरतीचं सॉफ्टवेअर जुन्या जाहिराती आपोआप पुन्हा वर आणतं. काही कंपन्या सेल्सची जाहिरात वर्षभर उघडीच ठेवतात, प्रोफाइल गोळा होत राहावेत म्हणून. कधी आतलाच एखादा माणूस ठरलेला असतो आणि नियमाप्रमाणे बाहेरचेही दोन-तीन बघावे लागतात. यातलं तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते जाहिरातीवरून कळणार नाही.

आता राउंड इतके का वाढतात? चुकीचा सेल्सवाला घेतला तर एका टेरिटरीचं अख्खं वर्ष वाया जातं, आणि ते खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटतं. ते आपल्या एकट्याच्या डोक्यावर फुटू नये म्हणून मॅनेजर आणखी एकाला बोलावतो, तो आणखी एकाला. गुगलने स्वतःच्या भरतीचा डेटा तपासला तेव्हा चार मुलाखतींनंतर निर्णयाचा भरवसा ८६ टक्क्यांपर्यंत पोचतो आणि पाचवीपासून पुढे फारशी भर पडत नाही, असं त्यांना दिसलं. त्यांनी चारचा नियम केला. सेल्समध्ये चार राउंड पुरतात, असं माझंही ठाम मत आहे: मॅनेजर, मॉक कॉल, पॅनेल आणि ज्याची सही लागते तो. पाचवा-सहावा राउंड लागतो तो माहितीसाठी क्वचितच. बहुतेक वेळा हिंमत गोळा करायला लागतो.

पॅनेल संपल्यावर काय होतं ते एकदा जवळून बघा. तुम्ही कॉल सोडला की उरलेले चौघे दहा मिनिटं थांबतात. मॅनेजर म्हणतो, ‘मला चालेल, भूक आहे पोरात.’ प्री-सेल्सची, म्हणजे ग्राहकाला डेमो दाखवणारी, बाई म्हणते, ‘प्रॉडक्ट पटकन पकडलं, प्रश्नही चांगले विचारले.’ पार्टनर चॅनेल, म्हणजे मध्यस्थ कंपन्यांमार्फतची विक्री, बघणारा म्हणतो, ‘हो, पण माणूस छोट्या कंपन्यांमधला आहे. बँकेच्या प्रोक्युअरमेंटसमोर टिकेल का?’ मिनिटभर कुणी बोलत नाही. मग रीजनल हेड म्हणतो, आणखी एक-दोन प्रोफाइल बघू या. झालं. ‘नको’ असं कुणीच म्हटलेलं नाही, त्यामुळे एचआरकडे तुम्हाला कळवायला काहीच नसतं. नव्या प्रोफाइलची वाट बघताना क्वार्टर संपतं, आकडा कमी पडतो, वरून भरती गोठवल्याचा निरोप येतो आणि मग ती एक ओळ तुमच्या इनबॉक्समध्ये पडते.

तुमच्या हातात असलेली गोष्ट कोणती, तर ती शंका. छोट्या-मध्यम कंपन्यांना विकणारा माणूस एन्टरप्राइजला जातो तेव्हा ती येणारच, आणि तुमच्या पाठीमागे बोलली जाणार. म्हणून ती तुम्हीच पहिल्या अर्ध्या तासात समोर ठेवा. चाकणच्या एखाद्या ऑटो कंपोनंट कारखान्यातला तुमचा डील आठवा. प्लँट हेडला सॉफ्टवेअर हवं होतं, पण सही ग्रुपच्या सीएफओची होती. कंत्राटी कामगारांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत होती आणि ठेकेदाराला ती बाहेर यायला नको होती. आयटीवाल्याला जुनी बायोमेट्रिक मशीन बदलायची नव्हती. या चौघांना तुम्ही कोणत्या क्रमाने भेटलात, कोण विरोधात होता आणि तो कसा वळला, हे तारखांसह सांगा. डील १२ लाखांचा असो, गुंतागुंत तीच आहे. ‘मी फास्ट लर्नर आहे’ या वाक्यापेक्षा ही एक हकिगत चॅनेल हेडच्या शंकेला जास्त चांगलं उत्तर देते, आणि तुम्ही खोलीत नसताना मॅनेजरला तुमची बाजू मांडायला काहीतरी हातात मिळतं.

पण हे सगळं जागा खरी असेल तर. म्हणून दुसऱ्या राउंडमध्ये, म्हणजे हायरिंग मॅनेजरशी पहिल्यांदा बोलताना, जागेबद्दल विचारा. एचआरच्या पहिल्या फोनवर विचारून फारसा उपयोग नाही. तो फोन पुष्कळदा बाहेरच्या एजन्सीतून येतो आणि त्या व्यक्तीला जॉब डिस्क्रिप्शनपलीकडे काही ठाऊक नसतं. मॅनेजरला मात्र विचारा: ही जागा नवी आहे की कुणी सोडल्यामुळे झाली? हेडकाउंटची मंजुरी आलेली आहे की यायची आहे? शेवटची सही कुणाची? आणि टीममध्ये जितके जण आहेत त्यांपैकी मागच्या वर्षी किती जणांचा कोटा पूर्ण झाला?

उत्तरातला आशय ऐका आणि उत्तर देण्याची पद्धतही ऐका. ‘प्रिया गेली, तिच्याकडे पश्चिम भारतातले एनबीएफसी (बिगर-बँक वित्त कंपन्या) होते, मंजुरी मेमध्ये आली, सही सिंगापूरची’, असं कुणी सांगत असेल तर जागा खरी आहे. ‘वी आर ऑलवेज लुकिंग फॉर गुड टॅलेंट’ असं उत्तर आलं तर जागा नाही, असं समजून पुढची पावलं टाका. बोलणं तोडायची गरज नाही. पण त्यासाठी शनिवार-रविवार जाळू नका. कोट्याच्या प्रश्नावर मॅनेजर गोल गोल फिरला, तर तेही उत्तरच आहे. चांगल्या टीमचा मॅनेजर हा आकडा विचारायच्या आधी सांगतो, कारण त्यालाच तो मिरवायचा असतो.

कोट्यावरून एक हिशेब. तो असाइनमेंटच्या आधी करायचा असतो आणि आपली मुलं तो ऑफर लेटर हातात आल्यावर करतात. समजा, वर्षाचं एकूण पॅकेज ३० लाख सांगितलं, ६०-४० विभागणीचं. म्हणजे १८ लाख फिक्स्ड आणि १२ लाख व्हेरिएबल, विक्रीवर अवलंबून. आता विचारा: कोटा किती आणि सरासरी डील केवढा? कोटा ५ कोटी आणि डील १५ लाखांचा असेल, तर वर्षाला ३३ डील बंद करावे लागतील. चारातला एक जिंकता असं धरलं, तर १३० हून जास्त दमदार संधी उभ्या करायला हव्यात, महिन्याला अकरा. त्या कुठून येणार? लीड, म्हणजे संभाव्य ग्राहक, आणणारी टीम आहे का, मार्केटिंगचा पैसा मुंबईसाठी आहे की सगळा बंगळुरूत खर्च होतो? परदेशात कोटा एकूण पॅकेजच्या साधारण ४ ते ६ पट असावा असा ठोकताळा वापरतात. आपल्याकडे पगार कमी असल्यामुळे ही पट वर जाते, ते समजण्यासारखं आहे. पण महिन्याला अकरा संधींचं गणित ज्या मॅनेजरला समजावून सांगता येत नाही, त्याच्याकडे ते १२ लाख कागदावरच राहणार.

आणि इन्सेंटिव्ह कशावर मिळतं? बुकिंगवर (करार झाला की), इन्व्हॉइसवर की पैसे जमा झाल्यावर? भारतात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण मोठा ग्राहक ९० दिवस पैसे अडकवून ठेवतो आणि तेवढ्यात तुमचं इन्सेंटिव्हचं क्वार्टर संपतं. ग्राहकाने पहिल्या वर्षातच करार मोडला तर दिलेलं इन्सेंटिव्ह परत कापतात का, तेही विचारा. पैशाचं बोलणं पहिल्यांदा काढणं वाईट दिसेल, अशी भीती असते. विकण्याच्या धंद्यात जो उमेदवार पैशाचं स्पष्ट बोलत नाही त्याच्याबद्दल मला उलट काळजी वाटते: हा ग्राहकासमोर किंमत कशी सांगणार?

आता असाइनमेंट. हा तुमचा तिसरा प्रश्न आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा.

मॉक कॉलला नाही म्हणू नका. तो राउंड तुमच्या फायद्याचा आहे. निवडीच्या पद्धतींवर गेली काही दशकं जे संशोधन झालं आहे त्यात एक गोष्ट सातत्याने दिसते: कामाचाच नमुना करून बघणं आणि सर्वांना सारखे, ठरवून आखलेले प्रश्न विचारणं हे मोकळ्या गप्पांपेक्षा भरवशाचं असतं. मोकळ्या गप्पांत ओळखीचं कॉलेज, ओळखीची भाषा, ओळखीची कंपनी असलेला माणूस पुढे जातो. मॉक कॉलमध्ये तुमचं काम दिसतं. मी स्वतः मॉक कॉलमध्ये फायनान्स हेडची भूमिका करते. बहुतेक जण तिसऱ्या मिनिटाला प्रॉडक्टचे फायदे सांगायला लागतात. एका मुलीने विचारलं, ‘सर्व प्लँटची सेल्सची आकडेवारी तुमच्याकडे कधी येते? ११ तारखेला विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, जीएसटीआर-१, भरायचं असतं, त्याच्या आधी किती दिवस?’ मी म्हटलं, नऊ तारखेच्या रात्री. ती म्हणाली, ‘म्हणजे दहा तारखेला तुमच्या टीमपैकी कोण घरी जात नाही?’ तिला पुढे काही विकावंच लागलं नाही. मला बोलावं लागलं. अशी माणसं अनुभवाच्या रकान्यात कमी पडली तरी पॅनेल त्यांच्यासाठी भांडतं.

टेरिटरी प्लॅनही करा, पण मर्यादेत. पाच कंपन्या, सात-आठ स्लाइड, एक रविवार. आणि माहिती सार्वजनिक जागेवरूनच. ही तडजोड वाटेल, पण नीट केली तर ५० नावांपेक्षा भारी पडते. तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देते. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर नावाचा, व्यवसायातली जबाबदारी आणि शाश्वतता मांडणारा, अहवाल देणं शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने बंधनकारक केलं आहे. त्याच्या पहिल्याच भागात कायम आणि कंत्राटी कर्मचारी किती, कामगार किती, गेल्या तीन वर्षांत किती टक्के सोडून गेले, हे सगळं छापलेलं असतं. एचआर-पेरोल विकणाऱ्यासाठी याहून सोन्यासारखी माहिती कोणती? त्यावर त्या कंपनीच्या तिमाही निकालांनंतरच्या कॉलचं शब्दांकन वाचा, ते एनएसई-बीएसईच्या साइटवर मिळतं. व्यवस्थापन नवीन प्लँटबद्दल बोलतंय, मजुरीच्या खर्चाबद्दल विश्लेषक विचारतायत, हे तुम्ही पाच कंपन्यांबाबत मांडलंत की पॅनेलला तुमची डोकं चालवण्याची पद्धत दिसते. त्यांना तेवढंच बघायचं असायला हवं.

५० कंपन्या, निर्णय घेणाऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर मात्र देऊ नका. कुणालाही नाही, कितीही मोठी कंपनी असली तरी. तुमच्या फोनमधले संपर्क तुमच्या आत्ताच्या कंपनीच्या पैशावर आणि वेळेवर जमलेले आहेत आणि तुमच्या नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम आहेच. लोक मला सांगतात की भारतात नॉन-कॉम्पिट टिकत नाही. बरोबर आहे, भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतर स्पर्धकाकडे जाण्यावरचं बंधन सहसा टिकत नाही. पण गोपनीय माहिती हा वेगळा विषय आहे. नोकरीवर असताना तुम्ही ग्राहकांची यादी स्पर्धकाला दिलीत तर कलम २७ तुमच्या मदतीला येणार नाही. शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ झाल्यापासून माणसांची नावं आणि नंबर असे वाटत फिरणं जबाबदार माणसाला शोभणारं राहिलेलं नाही. आणि कायदा सोडा. ज्या प्लँट हेडने विश्वासाने नंबर दिला, त्याला उद्या अनोळखी कंपनीचा फोन गेला आणि तो तुमच्यामुळे गेला हे त्याला कळलं, तर चाकणमध्ये तुमची सहा वर्षांची पत एका आठवड्यात जाईल.

नकार कसा द्यायचा, तेही सांगते, कारण अडचण तिथे येते. मॅनेजरला असा मेल लिहा: ‘प्रेझेंटेशनसाठी मी पाच कंपन्यांचा सविस्तर प्लॅन सार्वजनिक माहितीवरून तयार करतो. त्यात कुणाला आधी भेटायचं, का आणि कोणत्या प्रश्नावरून, हे पदासह असेल. व्यक्तींची नावं आणि संपर्क मात्र देऊ शकणार नाही, कारण ते सध्याच्या कंपनीशी असलेल्या गोपनीयतेत येतात. तुमच्याकडे आल्यावर तुमच्या ग्राहकांबाबतही मी हेच पाळेन.’ शेवटचं वाक्य वगळू नका. चांगला मॅनेजर ते वाचून तुमच्याकडे जास्त आदराने बघतो. ज्याला राग येतो त्याला तुमची यादीच हवी होती. प्रेझेंटेशन शक्यतो स्वतःच्या स्क्रीनवरून करा. फाइल मागितली तर पीडीएफ पाठवा, वर तुमचं नाव आणि तारीख टाकून.

रीजनल हेडला मेसेज करायचा का? करा. एकदाच. तक्रार नको, कारण विचारणंही नको. कारण विचारलं की त्यांना सावरून घ्यावं लागतं आणि मग उत्तर येत नाही. साधारण असं लिहा: ‘आपलं बोलणं झालं तेव्हा एनबीएफसी टेरिटरीबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यावर नंतर विचार केला. सध्या जागा थांबली आहे हे कळलं. नव्या वर्षाचं हेडकाउंट ठरेल तेव्हा बोलायला आवडेल.’ सोबत त्यांच्या कामाची एखादी बातमी किंवा निरीक्षण, दोन ओळी. मॅनेजरला ही प्रत नको, त्याला वेगळा मेसेज करा, नाहीतर तुम्ही त्याच्या डोक्यावरून गेलात असं होईल.

कधी पाठवायचा, यासाठी त्या कंपनीचं आर्थिक वर्ष बघा. भारतीय कंपन्यांचं एप्रिल ते मार्च, पण परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांचं प्रत्येकाचं वेगळं असतं. सेल्सफोर्सचं ३१ जानेवारीला संपतं, ओरॅकलचं ३१ मेला, मायक्रोसॉफ्टचं ३० जूनला, सॅपचं डिसेंबरअखेर. नवीन वर्ष सुरू झालं की पहिल्या चार-सहा आठवड्यांत हेडकाउंट आणि टेरिटरी वाटल्या जातात. त्याच सुमाराला जुनी माणसं वर्षअखेरचं इन्सेंटिव्ह हातात पडलं की राजीनामे देतात. मंजूर जागा सगळ्यात जास्त याच काळात असतात. वर्षाच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये सुरू झालेली मुलाखत मात्र हमखास लटकते, कारण मॅनेजरचं सगळं लक्ष आकडा पूर्ण करण्यावर असतं. तुमची प्रक्रिया कोणत्या महिन्यांत झाली ते या हिशेबाने तपासा, बराचसा उलगडा होईल.

उत्तर न देण्याबद्दल तुमच्या मनात जो राग आहे तो रास्त आहे. सहा राउंड घेऊन एका ओळीवर बोळवण करणं हा उर्मटपणा आहे, याला दुसरं नाव नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांवर बंधन घातलं आहे: मुलाखत झालेल्या उमेदवाराला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते कळवायचं. आपल्याकडे असा कायदा नाही. तोवर मी माझ्या टीमला पाच दिवसांत फोन करायला लावते, नकार असला तरी, आणि तो फोन एचआरने नव्हे, मॅनेजरने करायचा. हे वाचणारे कुणी हायरिंग मॅनेजर असतील, तर त्यांना माझी मनापासून विनंती आहे की एवढं करा. या धंद्यात माणसं फिरून फिरून तीच भेटतात. आज टांगून ठेवलेला उमेदवार तीन वर्षांनी तुमच्या ग्राहकाच्या बाजूला बसलेला असतो.

त्याच कारणाने तुम्हीही नाव घेऊन लिंक्डइनवर लिहू नका. अ‍ॅम्बिशनबॉक्ससारख्या, कंपन्यांचे अनुभव लिहायच्या, साइटवर नाव न देता किती राउंड झाले, काय मागितलं, किती दिवसांनी कळवलं, एवढी वस्तुस्थिती लिहा. पुढच्या उमेदवाराला त्याचा खरा उपयोग होतो.

आत्ताची नोकरी सोडायची तयारी मनात करू नका, हे वेगळं सांगायला नको होतं, पण सांगते. काही जण शेवटच्या राउंडनंतर आपल्या मॅनेजरजवळ बोलून बसतात किंवा चालू डीलची पाइपलाइन ढिली सोडतात. बाजारात तुरी तशी गत होते. सही झालेलं ऑफर लेटर, त्यात फिक्स्ड-व्हेरिएबलची फोड, इन्सेंटिव्हचा प्लॅन जोडलेला आणि नोटीस विकत घेणार (उरलेल्या दिवसांचे पैसे नवी कंपनी भरणार) की नाही याचा लेखी उल्लेख, एवढं हातात आल्याशिवाय राजीनामा नाही.

आता दुसरी कंपनी. असाइनमेंट सुरू करण्याआधी मॅनेजरशी पंधरा मिनिटांचा फोन मागा, एचआरशी नव्हे. जागा, मंजुरी, सही आणि कोटा हे चार प्रश्न विचारा, आणि या प्रेझेंटेशननंतर आणखी किती राउंड आहेत तेही. दोन दिवसांत त्याने स्वतः फोन केला आणि सरळ उत्तरं दिली, तर तो रविवार द्या आणि पाच कंपन्यांचा प्लॅन मनापासून करा. ‘ही आमची स्टँडर्ड प्रोसेस आहे’ एवढंच एचआरकडून आलं, तर फोन होईपर्यंत काम सुरू करू नका.

दरम्यान त्या कंपनीच्या मुंबई टीममधून गेल्या वर्षभरात बाहेर पडलेला एखादा सेल्सवाला लिंक्डइनवर शोधा आणि त्याच्याशी बोला. अशी माणसं सहसा मोकळेपणाने बोलतात. कंपनी कशी आहे, हे मोघम विचारू नका. त्याला विचारा: तुझ्या टेरिटरीत लीड कुठून यायचे, पंधरा टक्के डिस्काउंटच्या मंजुरीला किती दिवस लागायचे, तू सोडलीस ती जागा नंतर भरली का, आणि तुझं शेवटचं इन्सेंटिव्ह पूर्ण मिळालं का.